भेटीचं दांडकं

उरायामा इवाओचा हात लवकर उठायचा. पेकेरेनाई नदीच्या दोन्ही काठांवर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना कधी ना कधी कळायचीच. लाकूडतोडीच्या तळावर त्याने एका मुकादमाचे पुढचे दात पाडले होते. ऐनूंनी, म्हणजे आम्ही इथल्या मूळच्या लोकांनी, जंगलातच राहावं, असं बसमध्ये कुणीतरी पुटपुटलं, तर त्या माणसाला पुढच्याच थांब्यावर उतरावं लागलं, तेही डोक्यावर. नदीत राडारोडा टाकायला आलेल्या ट्रकची काच इवाओने फावड्याने फोडली आणि चालकाला त्याच काचेतून बाहेर ओढलं. गावातले लोक हे किस्से चवीने सांगतात. मार खाणारे आपण नसलो की मारामारीला चव असतेच. पण या सगळ्या फटक्यांत एक फटका त्याने आपल्याच माणसाला मारला, आणि तो त्याला जन्मभर पुरला.

फटका मारायला त्याला शिकवलं ते आत्याने. आमच्याकडे आत्याला उनारपे म्हणतात. तिचा मुलगा तोयोझो आणि इवाओ एकाच वयाचे. ती दोघांना नदीकाठच्या वाळूवर बसवायची, दगडावर एक जाड मुळा ठेवायची आणि तो एका फटक्यात फोडायला लावायची. सॅल्मन हा देवांकडून आलेला पाहुणा. अंगावरचं मांस तो आपल्याला देतो आणि मोकळा होऊन घरी परततो. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून काठावरच्या वाळुंजाची ताजी फांदी कापायची, तिच्या एका टोकाला सालीच्या कुरळ्या काढायच्या, आणि त्या दांडक्याने माशाच्या डोक्यावर एक फटका द्यायचा. दांडकं हीच भेट. मासा ते तोंडात धरून मिरवत जातो आणि तिकडे सगळ्यांना दाखवतो. दगडाने किंवा कुजक्या लाकडाने मारलेला मासा मात्र रडत जातो, तक्रार करतो, आणि पुढच्या वर्षी तिकडून कुणी येत नाही.

"पहिला फटका निरोपाचा," उनारपे म्हणायची. "दुसरा मारावा लागला, तर तो नुसता मार. माराला मासा परत येत नाही रे."

तोयोझोला हे चटकन जमलं. इवाओ तीन-तीन वेळा हाणायचा आणि मुळ्याचा लगदा करायचा. उनारपे त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि नवा मुळा ठेवायची.

मुळ्यावर शिकायची वेळ आली, कारण नदीतला मासा आमचा राहिला नव्हता. नदीत सॅल्मन पकडणं हा गुन्हा, असं सरकारने इवाओच्या आजोबांच्या काळातच ठरवून टाकलं होतं. ज्यांच्या कित्येक पिढ्या त्या माशावर जगल्या, त्यांना तो चोरून खावा लागायचा. इवाओचा बाप धुकं दाट असलं की पहाटे मासा ओढायची आकडी घेऊन निघायचा, आणि एखादा मासा आणायचा. एकदा दोन्ही पोरं हट्टाने मागे गेली आणि लव्हाळ्यात लपून बसली. बापाने मासा ओढला, वाळूवर ठेवला, दांडक्याने एक फटका दिला आणि माशाशी दोन शब्द बोलला. तेवढ्यात काठावरून दोन पहारेकरी उतरले.

एकाने बापाच्या हातून दांडकं घेतलं. त्याच्या टोकाच्या कुरळ्यांकडे बघून तो हसला, ही कुठली खेळणी म्हणाला. मग दुसऱ्याने बापाचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि पहिल्याने त्याच दांडक्याने त्या हातावर फटके मारले. घाईने नाही, एक एक बोट बघून. लव्हाळ्यात तोयोझो इवाओच्या छातीवर बसला होता आणि त्याने हाताच्या पंजाने त्याचं तोंड दाबून धरलं होतं. इवाओने तो पंजा रक्त येईपर्यंत चावला, पण तोयोझोने हात काढला नाही. काढला असता तर पहारेकऱ्यांना आणखी दोन हात मिळाले असते. जाताना त्यांनी मासा नेला आणि दांडकं आपल्या चहाच्या शेकोटीत टाकलं. बापाला परत कधी आकडी धरता आली नाही. पुढे तो बटाटे निवडायच्या कामाला लागला, डाव्या हाताने.

हे काम होतं नदीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यात. बटाट्याचं पीठ काढायचा कारखाना. एका माशासाठी माणसाची बोटं मोडणाऱ्या कायद्याला त्या कारखान्याची मळी कधी दिसली नाही. बटाटे निघतात शरदात, आणि सॅल्मन समुद्रातून वर चढतात तेही शरदातच. दरवर्षी पाणी थोडं पांढरं व्हायचं, थोडी घाण सुटायची, थोडे मासे मरायचे. मग मालकांनी मोठी यंत्रं आणली, आणि त्या शरदात नदीतून पेजेसारखं पाणी आलं. वर गुडघाभर फेस, खाली दगडांवर करड्या कापसासारखं बुळबुळीत शेवाळ, आणि सगळीकडे कुजक्या बटाट्यांचा असा वास, की लोक घरात नाकाला फडकं बांधून जेवत.

मासे तरी आलेच. त्यांना दुसरीकडे कुठे जाता येतं? पाण्यात श्वास मिळेना म्हणून ते तोंडं वर काढून तरंगत राहिले. मग बाहेर पडायला काठावर डोकी आपटू लागले. हजारो मासे. कावळे खाली उतरले आणि जिवंत माशांचे डोळे टोचू लागले. त्या दिवशी उनारपे दांडकं घेऊन कमरेएवढ्या मळीत उतरली आणि हाताला येईल त्या माशाला निरोप देत सुटली. एक फटका, दोन शब्द, पुढचा मासा. फटका, शब्द, पुढचा. दुपारपर्यंत शब्द संपले, नुसते फटके राहिले. संध्याकाळी तिचा हात खांद्यातून वर जाईना, तेव्हा इवाओ आणि तोयोझोने तिला ओढून बाहेर काढलं. पहारेकरी पुलावर उभे राहून बघत होते. मेलेल्या माशाची चोरी होत नाही, म्हणून त्यांनी अडवलं नसावं. त्या थंडीत उनारपे गेली. कुणी म्हणालं छातीत पाणी झालं. इवाओ म्हणाला, मारलं.

पुढच्या शरदात मासे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पेकेरेनाई म्हणजे आमच्या भाषेत स्वच्छ पाण्याची नदी, आणि गावातली पोरं तिच्यात पाय घालायलाही तयार नसत.

इवाओ लाकूडतोडीला गेला. तोयोझो त्याच कारखान्याचा ट्रक चालवू लागला, कारण घरात खाणारी तोंडं होती. यावरून दोघांची पुष्कळ तोंडातोंडी व्हायची, पण सणाला दोघे एकाच घरी जेवत. तिशीत असताना इवाओ एका शरदात गावी आला आणि कारखान्याच्या मळीचा नळ दगडांनी आणि सिमेंटने बुजवून टाकला. मळी उलटी फिरली, कारखान्याच्या आवारात पसरली, आणि ऑफिसात साहेबांचे बूट तिच्यात तरंगले. पोलिसांनी त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. तो तुरुंगात गेला, आणि दर महिन्याला भेटीला यायचा तो एकटा तोयोझो, भाताचे गोळे आणि शिव्या घेऊन. कारखाना काही इवाओच्या सिमेंटने बंद पडला नाही. बाहेरचं पीठ स्वस्त मिळू लागलं, तेव्हा मालकांनी एका सकाळी कुलूप लावलं आणि निघून गेले. मळी मात्र ते घेऊन गेले नाहीत. ती नदीच्या तळाशी तशीच होती, काळी, माणसाच्या मांडीएवढी खोल.

मग शिओमी आला. जिल्ह्याच्या मासे-उबवणी केंद्रातला अधिकारी, उंच, चष्मेवाला, बोलताना कायम माफी मागितल्यासारखा. नदी पुन्हा जिवंत करायची, त्याने गावाला सांगितलं. गाळ उपसायचा, मधला जुना बंधारा फोडायचा, काठावर वाळुंज आणि इतर झाडं लावायची, आणि मग दुसऱ्या नदीतल्या सॅल्मनची अंडी आणून इथे पिल्लं सोडायची. ती समुद्रात जातील, मोठी होतील, आणि नदी ओळखून चौथ्या शरदात परत येतील. निदान काही तरी येतील. मीटिंगला बसलेले लोक हसले. इवाओ हसला नाही. तो उठून शिओमीपाशी गेला, तेव्हा दोघांनी त्याला धरायची तयारी ठेवली होती. पण त्याने फक्त फावडं कुठे मिळेल ते विचारलं.

त्यानंतरची वर्षं इवाओची खरी होती. हाताला काम मिळालं की रागाला वाट मिळते, आणि त्याचा राग भरपूर होता. तो बंधाऱ्यावर घण असा घालायचा की बाकीचे लांब उभे राहत. मळीत छातीपर्यंत उतरायचा, वर यायचा तेव्हा अंगाला वास यायचा, आणि बायको फुमिनो त्याला अंगणात उभं करून पाइपाने धुवायची. राडारोड्याचा तो ट्रक याच काळातला. शिओमीने ते प्रकरण कसं मिटवलं ते त्यालाच ठाऊक. तोयोझोही थोडे दिवस आला, हसत खेळत गाळ उपसला, मग यायचा थांबला. त्याच्या मते हा सगळा सरकारचा खेळ होता. एका हाताने मासा मारायचा, दुसऱ्या हाताने जिवंत करायचा, आणि दोन्ही वेळा फावडं आपल्या हातात.

अंडी आणायला इवाओ शिओमीबरोबर दुसऱ्या नदीवरच्या केंद्रात गेला. तिथे मासे जाळीत अडवतात, ओळीने बाहेर काढतात, डोक्यात ॲल्युमिनियमची बॅट मारतात, मादीचं पोट चिरून गाभोळी बादलीत काढतात आणि वरून नराचं दुधासारखं वीर्य पिळतात. काम वेगाचं, माणसं चांगली, पण बॅटचा टणाटण आवाज ऐकून इवाओ काम टाकून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी वाळुंजाचं दांडकं सोलून घेऊन गेला. आपण हे वापरणार म्हणाला. एका फटक्यात तेवढंच काम होतं हे बघून कुणी हरकत घेतली नाही, फक्त जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याला पुरोहितबुवा म्हणू लागली. त्यातल्या एकालाही त्याने मारलं नाही, ही त्याच्या चरित्रातली नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

पिल्लं सोडली. तीन शरद कोरडे गेले. चौथ्यात, फोडलेल्या बंधाऱ्याच्या खालच्या डोहात, फुमिनोला पहिला मासा दिसला. ती घरी धावत आली आणि इवाओला हाताला धरून ओढू लागली. इवाओने डोहावर जाऊन बघितलं. लाल-हिरवे पट्टे उमटलेले, शेपट्या झिजलेले, दमलेले मासे वाळू खणत होते. तो काठावर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

मात्सुतारो एकाशी हे गावातले सर्वांत वडीलधारे; आजोबांना आमच्याकडे एकाशी म्हणतात. नदीला पहिला मासा आला की त्याचा स्वागताचा विधी करायचा असतो, तो त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा त्यांच्या अंगावर लंगोट होता. त्यांनी सरकारकडे परवानगी मागितली. आली. एका दिवसापुरती, एका माशासाठी. आपल्याच पाहुण्याला आपल्याच दारात भेटायची परवानगी कागदावर आली, आणि तरी सगळ्यांना आनंद झाला. फटका कोण मारणार याची चर्चासुद्धा झाली नाही. इवाओने दांडकं करायला घेतलं. सगळ्या कुरळ्या मनासारख्या होईपर्यंत त्याने चार फांद्या वाया घालवल्या.

विधीच्या आधी दोनच दिवस, पहाटेच्या धुक्यात, तो डोहाकडे निघाला. दांडकं कमरेला खोचलेलं. आपण ते माशांना दाखवायला नेतोय, असं तो फुमिनोला म्हणाला, आणि बोलून झाल्यावर स्वतःच लाजला.

डोहापाशी गाडीच्या धुराचा वास होता. वाळूवर माद्या पडल्या होत्या, ओळीने, पोटं चिरलेल्या, आणि त्या जिवंत होत्या. कल्ले उघडत होते, मिटत होते. कुणीही त्यांच्या डोक्यावर फटका मारला नव्हता. गाभोळी तेवढी काढून त्यांना तशाच बाजूला टाकलं होतं. पाण्यात वाकून एक माणूस पुढची मादी धरत होता, आणि तो तोयोझो होता.

तोयोझोने त्याला बघितलं, पण सुरी खाली ठेवली नाही. उगाच नाटक करू नको म्हणाला. आयुष्यभर आपल्याला चोर म्हणाले, आता खरोखर चोरी करून बघतो, व्यापारी तिकडे रस्त्यावर थांबलाय. इवाओने फक्त विचारलं, त्यांना मारलं का नाहीस. निदान मारायचं तरी.

"कुणाला?" तोयोझो म्हणाला. "अरे ही बादलीत जन्मलेली. परक्या नदीची अंडी, सरकारी पिल्लं. ह्यांना कसलं घर आणि कसला देव? दांडकं घेऊन कुठे जाणार ती, शिओमीच्या ऑफिसात?"

हीच भीती इवाओला चार वर्षं रात्री झोपू देत नव्हती. हे मासे आपलेच आहेत का, आपण निरोप दिला तर त्यांना जायची जागा आहे का, हे त्याने कुणालाही विचारलं नव्हतं. तोयोझोने ते हसत हसत बोलून टाकलं. इवाओचा हात कमरेकडे गेला. पुढचं त्याला फक्त हातातून कळलं. एकच फटका, कानाच्या वर, उनारपेने शिकवला तसा, अगदी बरोबर.

तोयोझो पाण्यात तोंडावर पडला. कानातून रक्त आलं आणि पाण्यात दोरीसारखं लांब गेलं. इवाओने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं, उलटा केला, पाठीवर थोपटलं. तो खोकला. श्वास घेऊ लागला. मग इवाओने हातातल्या दांडक्याकडे पाहिलं. त्याच्या बापाच्या बोटांवर पहारेकऱ्याने जे केलं, तेच त्याने केलं होतं, त्याच लाकडाने. मागे चिरलेल्या माद्या अजून कल्ले उघडत होत्या. त्यांना निरोप द्यायला हवा होता आणि हातात दुसरं काही नव्हतं. माणसाच्या रक्ताने भरलेलं दांडकं त्यांच्यावर उगारायची त्याची छाती झाली नाही. तो बघत राहिला, आणि त्या एकेक करून तशाच मेल्या. मग त्याने तोयोझोला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत चालत गेला. व्यापाऱ्याची गाडी केव्हाच पळाली होती.

एकाशींनी सगळं ऐकून घेतलं. कुणाला मारलं, का मारलं, हे काहीच विचारलं नाही.

"कशाने मारलंस?"

इवाओने दांडकं पुढे ठेवलं. म्हाताऱ्याने ते फिरवून पाहिलं.

"म्हणजे भेट दिलीस त्याला," ते म्हणाले. "ह्या लाकडाने फटका मारला म्हणजे भेट झाली. तुझ्या मनात काय होतं ते देव विचारत नाहीत. आता ती भेट त्याच्याकडे अडकली. त्याने परतभेट दिल्याशिवाय तुझा हात मोकळा नाही बघ."

नवीन दांडकं करतो, इवाओ म्हणाला. उद्याच करतो.

"दांडकी जंगलभर आहेत. हात कुठून आणशील?"

दुसरा हातही नव्हता. एकाशींचे हात थरथरत, आणि इतक्या वर्षांच्या बंदीनंतर गावात हा फटका येणारे दोघेच उरले होते. दोघेही उनारपेचे. परवानगी एका दिवसाची. सरकार पुन्हा कधी देईल याचा भरवसा नव्हता, आणि एकाशींच्या श्वासाचा तर नव्हताच.

तोयोझो तालुक्याच्या दवाखान्यात होता. दगडावरून घसरलो, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. चोरी लपवायला म्हणा किंवा भावाला लपवायला म्हणा. एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं होतं आणि उभं राहिलं की जमीन कलायची. इवाओ चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. माफी मागायला आला होता तो, पण उभ्या जन्मात कधी मागितली नव्हती, त्यामुळे ती जमेना. त्याने सरळ एकाशींनी सांगितलेलं सांगून टाकलं. तू मला मार, म्हणजे मला मासा मारता येईल.

तोयोझो इतका हसला की डोकं धरून खाली बसला.

"एवढ्या लांब येऊन मार मागतोयस," तो म्हणाला. स्वतःचा आवाज कळत नसल्याने तो ओरडूनच बोलत होता, आणि शेजारच्या खाटांवरचे लोक वळून बघत होते. "देतो ना. मागे कशाला सरू? पण इथे नाही. माशासमोर. त्याच्या डोळ्यांदेखत. त्याने तिकडे जाऊन सांगायला पाहिजे, की हा इवाओ कसा आहे ते."

विधीच्या सकाळी धुकं नव्हतं. नदीकाठी शेकोटी पेटली होती, देवांसाठी सोललेल्या काठ्या उभ्या केल्या होत्या, शहरातून कॅमेरे घेऊन माणसं आली होती. शिओमी नवा कोट घालून घामाघूम झाला होता. तोयोझो फुमिनोच्या खांद्याला धरून चालत आला. शिओमीच्या माणसांनी डोहातून एक नर वाळूवर आणला. मोठा, वाकड्या जबड्याचा, अंगावर जांभळे पट्टे असलेला. तो उसळत होता आणि वाळू उडवत होता. नवं दांडकं इवाओच्या पुढ्यात होतं. जुनं, रक्ताने काळं पडलेलं, तोयोझोच्या हातात होतं.

इवाओ गुडघ्यांवर बसला आणि त्याने डोकं पुढे केलं. जमलेल्या लोकांना वाटलं, हाही विधीचाच भाग असेल. एकाशींना ठाऊक होतं. ते विस्तवाकडे बघून प्रार्थना म्हणत राहिले.

तोयोझोने दांडकं वर उचललं. तेवढ्यात त्याचा तोल गेला, किंवा त्याने जाऊ दिला. आजही यावर गावात दोन पक्ष आहेत. फटका डोक्यावर न बसता उजव्या खांद्यावर बसला, पूर्ण ताकदीने, आणि हाड मोडल्याचा आवाज शेकोटीच्या पलीकडे ऐकू आला. कॅमेऱ्यावाल्यांतली एक बाई किंचाळली. शिओमी धावला, तर एकाशींनी हात आडवा केला. तोयोझोने जुनं दांडकं विस्तवात टाकलं.

हात मोकळा झाला होता. इवाओने तो नव्या दांडक्याकडे नेला आणि बोटं लाकडावर मिटली, पण हात काही केल्या वर येईना. त्याने दातओठ खाल्ले. पुन्हा उचलून बघितला. मासा आता कमी उसळत होता. कल्ले उघडत होते, मिटत होते, मधलं अंतर वाढत चाललं होतं. आणखी थोड्या वेळात तोही तसाच गेला असता, काठावरच्या माद्यांसारखा, निरोपाशिवाय. इतकी वर्षं इवाओने एवढ्या एका फटक्यासाठी मळी उपसली होती. त्याने डाव्या हाताने दांडकं उचललं आणि तोयोझोपुढे धरलं.

"तू मार," तो म्हणाला. "तुला पहिल्यापासून चांगलं येतं."

तोयोझोने ते घेतलं. मग तो वाळूवर बसला, जमीन कलू नये म्हणून एक तळवा खाली टेकवला, आणि दुसऱ्या हाताने माशाच्या डोक्यावर एक फटका दिला. मासा शांत झाला. दुसऱ्या फटक्याची गरज पडली नाही.

आता माशाशी बोलायचं होतं. तोयोझो त्याच्या तोंडाजवळ वाकला. त्याला वाटलं आपण कुजबुजतोय, पण बहिऱ्या कानामुळे ते नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिकडे आमचं दोघांचं काही सांगू नको रे," तो म्हणाला. "दांडकं वाळुंजाचं होतं, एवढंच सांग."

मग सगळ्यांनी दोन्ही हात वर करून माशाला वंदन केलं. इवाओला एकच हात वर करता आला.